स्टॅबिलायझर जॅक पुन्हा पुन्हा जड का होतो : निदान, सफाई आणि वंगण

आरव्ही म्हणजे राहण्याची सोय असलेली प्रवासाची गाडी किंवा ट्रेलर, आणि मुक्कामी उभी असताना ती डोलू नये म्हणून तिच्या कोपऱ्यांखाली टेकवायचे आधार म्हणजे स्टॅबिलायझर जॅक. हे जॅक जड फिरणे, मध्येच अडकणे किंवा करकरणे ही तक्रार एकदा सुरू झाली की ती सहसा एका दुरुस्तीत संपत नाही. जॅकवर सढळ हाताने तेल किंवा ग्रीस लावले जाते, काही काळ तो हलका फिरतो आणि पुढच्या थोड्या मुक्कामांनंतर आधीपेक्षाही जड होतो. मग त्यावर ग्रीसचा आणखी एक थर चढतो. तक्रार पुन्हा पुन्हा येण्याचे कारण बहुतेक वेळा वंगणाची कमतरता हे नसते, तर मळ न काढता त्यावरच वंगण चढवणे हे असते. उघड्या आट्यांवरची वाळू आणि धूळ ग्रीसमध्ये मिसळली की तयार होणारा लगदा पॉलिशच्या पेस्टप्रमाणे धातू घासत राहतो. सुरुवातीला जॅक हलका वाटतो खरा, पण त्याच काळात आटे आणि नट झिजत असतात. म्हणून या तक्रारीवर उपाय करताना आधी निदान, मग सफाई आणि शेवटी वंगण हा क्रम पाळावा लागतो. त्यातही वंगण कोणते आणि कुठे लावायचे, हा प्रश्न किती लावायचे यापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे.

पुढचे विवेचन मुख्यतः हाताने किंवा ड्रिलने फिरवायच्या कात्री जॅकविषयी आहे, कारण त्याचा स्क्रू पूर्ण उघडा असतो आणि त्याच्याच तक्रारी सर्वाधिक येतात. सी आकाराच्या जॅकचा स्क्रूही उघडाच असतो, त्यामुळे बहुतेक गोष्टी त्यालाही लागू पडतात. विजेवर चालणाऱ्या आणि हायड्रॉलिक जॅकविषयी वेगळे जे सांगायचे, ते पुढे आले आहे.

जॅकमध्ये घर्षण नेमके कुठे होते

कात्री जॅक म्हणजे चार भुजांची एक चौकट असते आणि तिच्या आडव्या कर्णातून एक लांब स्क्रू जातो. स्क्रू फिरवला की आडवा कर्ण आखडतो, चौकट उभी होत जाते आणि तळाची पट्टी जमिनीकडे सरकते. या स्क्रूचे आटे नेहमीच्या बोल्टासारखे टोकदार नसून समलंब छेदाचे असतात. त्यांचा चढ इतका कमी ठेवलेला असतो की वरून भार आला तरी स्क्रू आपोआप उलटा फिरत नाही. जॅकला वेगळी खीळ लागत नाही ती यामुळेच. म्हणजे काही प्रमाणात घर्षण हे या यंत्राच्या रचनेतच गृहीत धरलेले आहे आणि ते पूर्णपणे घालवणे हा सफाईचा हेतू नाही. जे घर्षण मळ, गंज किंवा वाकलेपणामुळे वाढले आहे, तेवढेच दूर करायचे आहे.

हे घर्षण कात्री जॅकमध्ये तीन ठिकाणी होते. पहिले ठिकाण आटे आणि त्यांवर चालणारा नट हे आहे. दुसरे ठिकाण स्क्रूच्या षटकोनी डोक्याच्या मागे असते, जिथे स्क्रूवरचा सगळा ताण एका चकतीवर किंवा लहान बेअरिंगवर येऊन टेकतो. तिसरे ठिकाण भुजांचे रिव्हेट लावलेले सांधे हे आहे. काही जॅकमध्ये भुजांच्या टोकांना एकमेकांत अडकणारे दातेही असतात आणि त्यांचा समावेश याच तिसऱ्या ठिकाणी करावा. बहुतेक जण फक्त आट्यांना वंगण देतात, कारण ते समोर दिसतात. प्रत्यक्षात करकर हा आवाज आणि भार आल्यावर जाणवणारा जडपणा पुष्कळदा डोक्यामागच्या कोरड्या चकतीतून येतो. आटे कितीही चकचकीत केले तरी ती चकती कोरडीच राहिली, तर तक्रार कायम राहते.

जॅकची भूमितीही समजून घेणे आवश्यक आहे, कारण काही जडपणा हा बिघाड नसतोच. जॅक जवळजवळ मिटलेला असताना भुजा जमिनीशी फार लहान कोन करतात आणि त्या स्थितीत भार आला, तर स्क्रूवर त्या भाराच्या अनेक पट ओढ पडते. भुजांचा जमिनीशी कोन १५ अंश असेल, तर ही ओढ भाराच्या सुमारे ३.७ पट असते; ३० अंशांना ती सुमारे १.७ पट होते आणि ४५ अंशांना भाराइतकीच राहते. म्हणून उंचवट्यावर गाडी उभी असेल आणि जॅक थोडासाच उघडून जमिनीला टेकला असेल, तर तो शेवटच्या फेऱ्यांत जड वाटणारच. त्याच जॅकला भार नसतानाही हात थकवणारा जोर लागत असेल, तर मात्र तो बिघाड आहे.

आधी निदान

निदानासाठी जॅकवर कोणताही भार नसावा. गाडी टणक आणि सपाट जागी उभी करावी, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत आणि ट्रेलर असल्यास तो शक्यतो ओढणाऱ्या गाडीला जोडलेलाच ठेवावा. मग ड्रिल बाजूला ठेवून हाताच्या हँडलने जॅक हळूहळू जमिनीला टेकण्याच्या थोडा आधीपर्यंत उघडावा आणि परत मिटवावा. ड्रिलमुळे जडपणाचे स्वरूप कळत नाही. हाताला ते लगेच कळते. माझ्या मते या तक्रारीत सर्वांत अधिक माहिती याच पाच मिनिटांत मिळते आणि तरीही हीच पायरी सर्वाधिक वेळा गाळली जाते.

संपूर्ण फेरीभर सारखाच जडपणा जाणवत असेल आणि स्क्रूवर काळसर, चिकट किंवा वाळलेला थर दिसत असेल, तर कारण मळ आणि जुने घट्ट झालेले ग्रीस हेच आहे. अशा जॅकला सफाईने पूर्ण गुण येतो. जडपणा स्क्रूच्या ठरावीक भागातच येत असेल, तर त्या जागी खडूने खूण करावी. तिथे गंजाचा पट्टा, आट्यांत रुतलेला खडा किंवा दुखावलेला आटा सापडण्याची शक्यता मोठी असते. पुष्कळदा हा पट्टा प्रवासात नटाच्या बाहेर राहणाऱ्या भागावर येतो, कारण जॅक मिटलेला असताना नटात बसलेला भाग झाकलेला राहतो आणि उरलेला भाग रस्त्यावरचे पाणी व चिखल झेलतो.

हँडलच्या प्रत्येक फेरीत एकदा जड आणि एकदा हलके असे होत असेल, तर स्क्रू वाकलेला असण्याचा संशय घ्यावा. स्क्रू फिरत असताना बाजूने पाहिले, तर तो किंचित डोलताना दिसतो. हा दोष सफाईने जात नाही आणि त्यावर वंगण लावत राहणे म्हणजे नट झिजवत राहणे होय.

भार नसताना जॅक हलका फिरतो, पण जमिनीला टेकताच करकरतो किंवा एकदम जड होतो, अशी स्थिती असेल तर लक्ष डोक्यामागच्या चकतीकडे आणि भुजांच्या सांध्यांकडे वळवावे. सांध्यांजवळ लालसर भुकटी पडलेली दिसली, तर रिव्हेट आपल्या भोकात घासून झिजत आहे असे समजावे. पांढरट भुकटी दिसली, तर तो जस्ताच्या मुलाम्याचा गंज असतो. आतले लोखंड अद्याप शाबूत असू शकते आणि अशा जॅकची वेळीच काळजी घेतली तर तो वाचतो.

एक प्रकार असाही आहे की जॅक पूर्ण मिटलेल्या स्थितीतून सुटतच नाही, पण एकदा सुटला की सुरळीत चालतो. याला मळ कारणीभूत नसतो. मुक्काम हलवताना ड्रिलने जॅक शेवटपर्यंत मिटवून वर आणखी आवळला गेलेला असतो आणि नट आपल्या शेवटच्या टोकाला घट्ट बसलेला असतो. अशा वेळी हाताच्या लांब हँडलने सावकाश उलट फिरवून तो सोडवावा आणि पुढे मिटवताना शेवटची फेरी नेहमी हातानेच पूर्ण करावी.

चारपैकी एकच जॅक वारंवार बिघडत असेल, तर तो कोणत्या जागी आहे हे पाहावे. चाकांच्या मागे बसवलेल्या जॅकवर चाकांनी उडवलेले पाणी, खडी आणि चिखल थेट येतो, त्यामुळे मागचे दोन जॅक पुढच्यांपेक्षा लवकर खराब होतात. चाकांमागे चिखलरोधक पडदी बसवली तर हा मारा बराच कमी होतो. त्याउलट चाकांपासून दूर असलेला जॅकच सारखा त्रास देत असेल, तर त्याच्यावर तिरका भार येत असावा किंवा तो चासीला नीट समतल बसवलेला नसावा. त्याचे बोल्ट ढिले आहेत का हे आधी तपासावे.

सफाई

सफाईच्या आधी सुरक्षिततेविषयी एक गोष्ट ठामपणे सांगणे आवश्यक आहे. ज्या जॅकवर काम चालले आहे त्याच्या किंवा इतर कोणत्याही स्टॅबिलायझरच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. काम करताना गाडीचे सगळे वजन चाकांवरच असले पाहिजे. जॅक पूर्ण उघडण्याइतकी जागा खाली नसेल, तर गाडी समतल करण्यासाठी जे ठोकळे वापरले जातात त्यांवर चाके चढवून उंची मिळवावी आणि मग चाकांना पुन्हा अडसर लावावा. डोळ्यांवर चष्मा आणि हातात रसायन सोसणारे हातमोजे असावेत. गाडीखालून वर पाहत काम करताना सुटलेली माती थेट डोळ्यांत पडते.

सुरुवात पाण्याने न करता कोरड्या ब्रशने करावी. वाळलेला चिखल लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरडून काढावा आणि मग कडक नायलॉनच्या ब्रशने आटे, सांधे आणि तळाची पट्टी झाडून घ्यावी. सैल माती आधी निघाली नाही, तर ती पाण्याबरोबर आणि विद्रावकाबरोबर आतल्या फटींत वाहून जाते व सफाईने सुधारण्याऐवजी सांधे बिघडतात. त्यानंतर साध्या नळाच्या पाण्याने धुवावे. खारट पाण्याच्या किंवा मीठ टाकलेल्या रस्त्यावरून प्रवास झाला असेल, तर हे धुणे विशेष महत्त्वाचे आहे, कारण मीठ हे ब्रशने पूर्ण निघत नाही. ते पाण्यात विरघळवूनच काढावे लागते. उच्च दाबाचा फवारा मात्र टाळावा. त्याचे पाणी बेअरिंगच्या आत आणि, विजेचा जॅक असेल तर, मोटर व गिअरच्या डब्यात शिरते आणि तिथले ग्रीस धुऊन टाकते.

आता जुने ग्रीस काढायचे. त्यासाठी ग्रीस विरघळवणारा बाजारातला द्रव, मिनरल स्पिरिट किंवा रॉकेल चालते. पेट्रोल कधीही वापरू नये. त्याची वाफ जमिनीलगत साचते आणि गाडीखालच्या बंदिस्त जागेत एक ठिणगीही पुरते. खाली पसरट भांडे ठेवून गळणारा द्रव गोळा करावा, आणि टायर, ब्रेक, वायरी व गॅसच्या नळ्या यांच्यावर तो उडणार नाही अशी काळजी घ्यावी. द्रव लावल्यावर तो थोडा वेळ मुरू द्यावा, मग ब्रशने आट्यांच्या दिशेने घासावे. आट्यांच्या तळाशी बसलेला काळा थर निघेपर्यंत हे काम पुन्हा पुन्हा करावे लागते. एका बाजूचे आटे स्वच्छ झाले की जॅक थोडा फिरवून नटाखाली झाकलेला भाग बाहेर आणावा आणि तोही घासावा. हे केले नाही तर नटाच्या आत उरलेला मळ पहिल्याच फेरीत स्वच्छ आट्यांवर पसरतो आणि सगळी मेहनत वाया जाते. नटाच्या आतून फडक्यावर काळे येणे थांबेपर्यंत द्रव लावून जॅक पुढे-मागे फिरवत राहणे, हा या कामाचा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत उपयोगी भाग आहे.

गंज असेल तर पितळी तारेचा ब्रश वापरावा. पोलादी तारेचा ब्रश लवकर काम करतो, पण तो जस्ताचा मुलामाही खरवडून काढतो आणि मग उघडे पडलेले लोखंड पहिल्याच पावसात गंजते. घासूनही सांधा हलत नसेल, तर गंजात शिरणारे पातळ तेल त्याच्या दोन्ही बाजूंनी सोडावे, किमान पंधरा मिनिटे थांबावे, रबरी किंवा लाकडी हातोडीने हलके ठोके द्यावेत आणि मग थोडे पुढे, थोडे मागे असे हाताने फिरवून पाहावे. फार गंजलेला जॅक रात्रभर तेलात मुरू देणे श्रेयस्कर असते. ताकद वाढवत नेण्यापेक्षा वेळ वाढवणे इथे अधिक फळ देते. ज्योतीने तापवून जॅक सोडवण्याचा मार्ग मात्र अजिबात पत्करू नये. वर लाकडी किंवा फोमचा तळ असतो, जवळून वायरी आणि गॅसची नळी गेलेली असते, शिवाय जस्ताचा मुलामा तापला की त्यातून निघणारा धूर शरीराला अपायकारक असतो.

सफाईचा शेवट पूर्ण कोरडे करण्याने व्हावा. फडक्याने पुसून, दाबाची हवा उपलब्ध असेल तर ती मारून किंवा उन्हात वाळू देऊन जॅक कोरडा करावा. ओल्या धातूवर चढवलेले वंगण धातूला धरत नाही आणि त्याच्या खाली पाणी अडकून राहते. विद्रावकाचा अंश उरला असेल, तर तो नव्या ग्रीसला पातळ करतो, म्हणून त्याचा वास पूर्ण जाईपर्यंत थांबणे योग्य.

वंगण कोणते आणि कुठे

उघड्या आट्यांसाठी मी कोरड्या वंगणाच्या बाजूने आहे. पीटीएफई (टेफ्लॉन या नावाने ओळखले जाणारे निसरडे प्लास्टिक) असलेला कोरडा फवारा आट्यांवर मारला की त्यातला द्रव काही मिनिटांत उडून जातो आणि मागे न चिकटणारा पातळ थर उरतो. त्यावर धूळ बसली तरी ती रुतत नाही. पुढच्या वेळी ब्रशने झटकली जाते. जाड एका थरापेक्षा पातळ दोन थर द्यावेत, प्रत्येक थर वाळू द्यावा आणि मग जॅक हाताने संपूर्ण लांबीभर एकदा उघडून मिटवावा, म्हणजे नटाच्या आतही वंगण पोचते. सिलिकोनचा कोरडा फवाराही चालतो, मात्र मोठ्या दाबाखालच्या धातूच्या आट्यांना पीटीएफई अधिक मानवते असे मला वाटते.

कोरड्या वंगणाची मर्यादाही ओळखली पाहिजे. ते गंजापासून फारसे संरक्षण देत नाही आणि लवकर झिजते. समुद्राकाठच्या किंवा सतत ओल्या हवामानात, जिथे धूळ कमी पण ओलावा आणि मीठ जास्त असते, तिथे पाण्याने न धुतले जाणारे जलवाहनांसाठीचे ग्रीस अगदी पातळ थरात लावणे जास्त योग्य ठरते; पण मग ते अधिक वेळा पुसून नव्याने लावावे लागते, ही अट त्यासोबत येते. म्हणजे प्रश्न कोणते वंगण सर्वश्रेष्ठ आहे हा नसून, आपल्या जॅकचा मुख्य शत्रू धूळ आहे की पाणी, हा आहे. दोन्ही असतील, तर पुन्हा पुन्हा सफाई करण्याची तयारी ठेवून कोरडे वंगणच निवडावे.

डोक्यामागची चकती किंवा बेअरिंग यांना मात्र कोरडा फवारा पुरत नाही. तिथे पृष्ठभाग लहान, दाब मोठा आणि जागा बऱ्यापैकी झाकलेली असते, म्हणून लिथियम ग्रीसचा वाटाण्याएवढा गोळा आत सारून जॅक काही फेऱ्या फिरवावा आणि बाहेर आलेले जादा ग्रीस पुसून टाकावे. आधी कोणते ग्रीस होते हे माहीत नसेल, तर जुने पूर्ण काढल्याशिवाय नवे लावू नये, कारण वेगवेगळ्या घट्टकाची काही ग्रीसे एकत्र आली की मऊ पडून वाहून जातात किंवा उलट कडक होतात. भुजांच्या सांध्यांना कोरडा फवारा किंवा पातळ तेलाचे एक-दोन थेंब पुरेत. दात्यांना तेच आट्यांचे वंगण द्यावे. ज्या जॅकमध्ये स्क्रू नळीच्या आत बंद असतो आणि ग्रीस भरण्याचे निपल दिलेले असते, तिथे उत्पादकाने सांगितलेले ग्रीसच भरावे. बंद जागेत ग्रीस भरण्याला हरकत नाही, कारण तिथे वाळू पोचत नाही.

डब्ल्यूडी-४० या फवाऱ्याविषयी वेगळे लिहिणे भाग आहे, कारण जड जॅकवर सर्वप्रथम तोच मारला जातो. १९५३ साली तयार झालेले हे मूळ मिश्रण ओलावा बाहेर ढकलण्यासाठी आणि गंज रोखण्यासाठी बनवले होते. अडकलेला सांधा सोडवणे, ओला स्क्रू कोरडा करणे, जुने ग्रीस मऊ करणे या कामांत ते उत्तम आहे. परंतु त्यातला बराचसा भाग उडून जाणारा असतो आणि मागे राहणारा तेलाचा थर इतका पातळ असतो की जॅकच्या दाबाखाली तो टिकत नाही. ज्यांचा जॅक फवारा मारल्यावर दोन दिवस हलका आणि मग पुन्हा जड होतो, त्यांच्या बाबतीत बहुधा हेच घडत असते. हा फवारा सफाईच्या टप्प्यात वापरावा, पुसून टाकावा आणि त्यानंतर खरे वंगण लावावे.

वापरातल्या कारणांचा बंदोबस्त

काळजीपूर्वक सफाई आणि योग्य वंगण देऊनही जॅक एका हंगामात पुन्हा जड झाला, तर कारण त्याच्या वापरात शोधावे. यातले मुख्य कारण म्हणजे जॅकने गाडी उचलणे किंवा समतल करणे. बाजारातल्या पुष्कळ स्टॅबिलायझर जॅकवर ५,००० पाउंड, म्हणजे सुमारे २,२७० किलो, अशी क्षमता लिहिलेली असते आणि हा आकडा पाहून तो गाडी उचलण्यासाठी आहे असा समज होतो. ही मर्यादा जॅकने स्थिरपणे पेलायच्या भाराची आहे. त्या भाराखाली स्क्रू फिरवून गाडीचा कोपरा चाकांवरून उचलला, तर आट्यांवरचा दाब वंगणाचा थर पिळून बाहेर काढतो आणि धातू धातूवर घासू लागतो. त्यामुळे जॅकचे नुकसान होतेच, शिवाय चासीलाही पीळ पडतो; दार किंवा खिडकी अचानक नीट लागेनाशी झाली, तर आधी जॅक सैल करून पाहावेत.

योग्य क्रम असा आहे की गाडी आधी चाकांखाली ठोकळे ठेवून आडव्या दिशेने समतल करावी, चाकांना अडसर लावावा, ट्रेलर सुटा करून पुढच्या दांड्याच्या जॅकने लांबीच्या दिशेने समतल करावा आणि त्यानंतरच स्टॅबिलायझर उघडावेत. जॅक जमिनीला टेकल्यावर हाताने साधारण अर्धी ते एक फेरी अधिक द्यावी. डोलणे थांबते तेवढे पुरे. ट्रेलरचे नाक खाली झुकवून मागचे जॅक लावायचे आणि मग नाक वर उचलायचे, अशी पद्धत काही जण सुचवतात. तिच्यामुळे गाडी खूप घट्ट बसते हे खरे, पण मागच्या जॅकवर किती भार गेला हे हाताला अजिबात कळत नाही, म्हणून मी ती सुचवणार नाही.

ड्रिल वापरायचे असेल, तर ते कमी गतीवर आणि क्लच कमी जोरावर ठेवून फक्त जॅक जमिनीजवळ नेण्यापुरते वापरावे. इम्पॅक्ट रेंच तर या कामासाठी मुळीच योग्य नाही. त्याचे ठोके डोक्यामागच्या चकतीवर आणि रिव्हेटांवर बसतात, आणि जड झालेला जॅकही तो जोराने फिरवून देत असल्यामुळे बिघाड लक्षात येईपर्यंत स्क्रू वाकलेला असतो. हाताला जाणवलेला जडपणा ही मोफत मिळालेली सूचना आहे. ती यंत्राच्या जोराखाली दडपणे परवडत नाही.

जॅकखाली रुंद आणि टणक फळी किंवा पॅड ठेवावे. मऊ जमिनीत तळाची पट्टी एका बाजूने रुतली की जॅक तिरका होतो आणि स्क्रूवर बाजूने भार येतो. वाकलेल्या स्क्रूंमागे हे कारण वारंवार आढळते. फळीमुळे आणखी एक लाभ होतो, तो म्हणजे तळाची पट्टी चिखलापासून दूर राहते. जमीन फार खाली असेल, तर जॅक पूर्ण ताणण्याऐवजी खाली ठोकळ्यांची भर घालावी, म्हणजे जॅक आपल्या मधल्या उंचीवर काम करतो. गाडी हलवण्यापूर्वी चारही जॅक पूर्ण मिटले आहेत हे फिरून डोळ्यांनी पाहावे. उघड्या जॅकसह गाडी काही इंच जरी सरकली, तरी भुजा पिळल्या जातात आणि पुढे सफाईचा काही उपयोग राहत नाही.

मुक्काम हलवताना जॅक मिटवण्यापूर्वी आट्यांवरून आणि तळाच्या पट्टीवरून कोरडा ब्रश फिरवणे ही लहानशी सवय मोठ्या सफाईचे अंतर लांबवते. मिटताना नट ज्या आट्यांवरून जाणार असतो ते आटे आधीच स्वच्छ असले, तर वाळू नटात ओढली जात नाही. त्यासाठी एक ब्रश हँडलसोबतच ठेवावा.

विजेचे आणि हायड्रॉलिक जॅक

विजेच्या जॅकची मोटर आवाज करते पण जॅक हलत नाही, किंवा फ्यूज वारंवार जातो, तेव्हा आधी घर्षण तपासावे. हातचा पर्यायी षटकोनी दांडा फिरवून पाहिला आणि तो जड लागला, तर मोटर जास्त प्रवाह ओढत आहे आणि मूळ तक्रार सफाईचीच आहे. दांडा हलका फिरत असेल, तर बॅटरी आणि जोड पाहावेत. जॅक चालू असतानाच मोटरच्या टोकांशी व्होल्टेज मोजावे, कारण विश्रांतीत १२ व्होल्टच्या वर दिसणारी बॅटरी गंजलेल्या अर्थिंगमधून भार घेताना फार खाली येऊ शकते. अर्थिंगचा बोल्ट काढून, खालचा रंग आणि गंज घासून तो पुन्हा घट्ट बसवला की पुष्कळ विजेचे जॅक सुधारतात.

हायड्रॉलिक जॅकचे नियम वेगळे आहेत. त्याच्या चकचकीत दांड्यावर ग्रीस लावू नये आणि तो तारेच्या ब्रशने घासू नये, कारण दांड्यावरचा प्रत्येक ओरखडा सील कापतो आणि ग्रीसला चिकटलेली वाळू सीलच्या आत ओढली जाते. मऊ फडक्याने पुसून उत्पादकाने सांगितलेला फवाराच वापरावा.

कधी थांबावे

वाकलेला स्क्रू सरळ करण्याचा प्रयत्न करू नये. सरळ दिसला तरी तो त्याच जागी कमकुवत झालेला असतो. आट्यांचे सपाट माथे झिजून टोकदार झाले असतील, स्क्रू न फिरवता नट मागे-पुढे स्पष्ट हलत असेल, रिव्हेटांची भोके लांबट झाली असतील किंवा वेल्डिंगला चीर गेली असेल, तर जॅक बदलणे हाच उपाय आहे. नवा जॅक घेताना बोल्टांच्या भोकांमधले अंतर, मिटलेली आणि उघडलेली उंची व षटकोनी डोक्याचे माप जुन्याशी ताडून पाहावे. हे डोके पुष्कळदा पाऊण इंचाचे, म्हणजे साधारण १९ मिलिमीटरचे असते. नव्या जॅकवर कारखान्यातून आलेले वंगणही एकदा पाहून घ्यावे. ते साठवणुकीसाठी लावलेले चिकट ग्रीस असेल, तर पुसून उघड्या आट्यांना कोरडे वंगण पहिल्या दिवसापासूनच द्यावे.

पूर्ण सफाई आणि वंगण हंगामाच्या सुरुवातीला व शेवटी करावे. चिखलाचा, खाऱ्या हवेचा किंवा मीठ टाकलेल्या रस्त्याचा प्रवास झाला, तर हंगामाची वाट न पाहता लगेच धुऊन, वाळवून वंगण द्यावे. गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल, तर साधारण महिन्यातून एकदा प्रत्येक जॅक हाताने पूर्ण उघडून मिटवावा. त्या वेळी कोणत्याही जॅकला मागच्या वेळेपेक्षा जास्त जोर लागला, तर त्याची नोंद ठेवून वर सांगितलेले भाररहित निदान त्याच जॅकवर पुन्हा करावे.